ऊन पडलं की अपलोड अडकते: पॅकेट रिट्रान्समिशननं दीड वर्ष पिच्छा पुरवला

आधी त्रास काय होता ते सांगतो, म्हणजे तुमचा तोच आहे का दुसरा हे लगेच समजेल. आमचं गाव वरुडकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. घरासमोर रोड, घरामागं वाडी. फायबर घरात येते, राउटर घरातच. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र मात्र वाडीच्या पलीकडच्या टोकाला, जुन्या कोठ्यात, टिनाखाली, कारण गावातल्या लोकांना ती वाट जवळ पडते. घरातून तिथपर्यंत लॅन केबल ओढलेली, अंदाजे ९० मीटर. सकाळी ९ ला बसलो की सगळं सुसाट, आणि साडेदहा-अकरा झाले की २०० केबीची साधी पीडीएफसुद्धा ऐंशी टक्क्यांवर जाऊन बसते ते उठतच नाही, गोल गोल फिरते, मग सेशन संपते, मग परत लॉगिन, परत ओटीपी, आणि समोर बसलेली आजी तिसऱ्यांदा विचारते, "बाबू, झालं का नाई?" चार-साडेचारला आपोआप परत चांगलं.

सगळ्यात चीड याची की टेस्ट केली की सगळं पास. पिंग (समोरच्या मशीनला छोटा निरोप पाठवून उत्तर येते का ते पाहायची कमांड) मारलं तर चारही उत्तरं येतात, एखाद्या वेळी एखादं गळालं तर गळालं. कंपनीच्या माणसाला बोलावलं तर तो येते घरात, राउटरजवळ उभा राहते, मोबाइलवर स्पीड टेस्ट करते, १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये ९४ दाखवते आणि म्हणते, "भाऊ, लाइन ओके आहे, तुमच्या साइटचाच लोचा असन." तो खोटं बोलत नव्हता बरं का. तो उभा होता तिथं खरंच ओके होतं.

पहिल्या वर्षी हे मार्चात सुरू झालं. मार्च-एप्रिल, दुपार, वर टिन, ४२-४३ डिग्री, त्यामुळं गावात सगळ्यांचं एकमत की गरमीनं मशीन तापते. मी कोठ्यातल्या स्विचसमोर (लॅनच्या वायरी जोडायचा डबा) कूलर लावला, स्विच टेबलावरून काढून खाली माठाजवळ ठेवला (हसू नका), फरक शून्य. जून संपता संपता पाऊस लागला आणि त्रास गेला, म्हटलं घ्या, गरमीच होती. दिवाळी झाली, स्वेटर निघाले, आणि परत सुरू! मग राउटर बदलला, तो बदलल्यावर आठ-दहा दिवसांत डिसेंबर लागला आणि सगळं एकदम गुळगुळीत, मी राउटरवाल्याला फोन करून धन्यवाद दिले. जानेवारी सरता सरता परत तेच. मग विंडोज नवीन टाकलं, अँटिव्हायरस काढला, डीएनएस बदलला, एकानं तर कॉम्प्युटरच्या लॅन सेटिंगमध्ये १०० फुल डुप्लेक्स पक्कं करून दिलं, त्यानं तर सकाळचंही बिघडलं, त्याचं पुढं सांगतो. मधात कधी दोन दिवस चांगले गेले की ज्यानं शेवटचा हात लावला त्याच्या नावावर यश जमा होत होतं, अन् परत बिघडलं की नवीन माणूस.

शेवटी एक वही केली. तारीख, कधी अडकलं, कधी सुटलं, हवा कशी होती. तीन आठवड्यांत त्या वहीनं सांगितलं ते दीड वर्षात कोणी सांगितलं नव्हतं: ज्या दिवशी आभाळ राहते त्या दिवशी दुपारीसुद्धा नेट बरोबर चालते. गरमी नाही, ऊन. थंडीतल्या उन्हातही अडकते आणि ढगाळ उकाड्यात अडकत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, तिच्याकडे परत येतो, कारण त्या दिवशी मलाही तिचा अर्थ लागला नव्हता.

आता रिट्रान्समिशन म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे कळल्याशिवाय पुढची मोजणी कळत नाही. वेबसाइट, अपलोड, मेल हे बहुतेक सगळं टीसीपीवर चालते. टीसीपी तुमच्या फाइलचे तुकडे (पॅकेट किंवा सेगमेंट म्हणतात ते हेच) करते, त्यांना नंबर देते आणि पाठवते, समोरचा म्हणते अमुक नंबरपर्यंत पोचलं. मंडीत संत्र्याचे कॅरेट पाठवले आणि तिथल्या माणसानं फोन केला की ४० पर्यंत मिळाले, ४१ वा नाही दिसून राहिला, पण त्याच्या पुढचे आले, तसं. असा निरोप तीनदा परत परत आला की पाठवणारा समजते ४१ वा रस्त्यात गेला, आणि तेवढाच परत पाठवते, हेच रिट्रान्समिशन, आणि हे लवकर होते. पण हरवलेला कॅरेट जर शेवटचाच असेल तर त्याच्या मागून काहीच येत नाही, तर निरोप कोण देणार? मग पाठवणारा वाट पाहत बसते. ही वाट पाहायची वेळ जाण्यायेण्याच्या वेळेवरून काढतात, नियमाच्या कागदात ती कमीत कमी १ सेकंद सांगितली आहे, लिनक्सवाले २०० मिलिसेकंदापर्यंत खाली आणतात, आणि परत पाठवलेला तुकडाही हरवला की दरवेळी ती दुप्पट होते. १, २, ४, ८. आमची छोटी पीडीएफ म्हणूनच शेवटी शेवटी जाऊन बसत होती: शेवटचे तुकडे रस्त्यात हरवले, आणि ते परत पाठवायचा नंबर यायला वेळ लागून राहिला.

म्हणजे रिट्रान्समिशन हा रोग नाही, ताप आहे. टीसीपी बिचारं गळती झाकते, म्हणून कुठं एरर दिसत नाही, फक्त हळू होते. आणि किती हळू होते ते ऐकाल तर विश्वास बसणार नाही. १९९७ साली मॅथिस नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या मंडळींनी एक सूत्र मांडलं, त्यानं हिशेब केला तर जाण्यायेण्याला ६० मिलिसेकंद आणि शेकड्याला एकच पॅकेट गळालं तरी जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं एक कनेक्शन अडीच एमबीपीएसच्या आतच राहते. प्लॅन १०० चा असो की ३०० चा. आजकालच्या पद्धती थोड्या बऱ्या आहेत पण गोष्ट तीच. पाठवणाऱ्याला वाटते रस्त्यात गर्दी आहे म्हणून माल पडला, म्हणून तो आपला वेग कमी करते. आणि ही शहाणपणाची सवय त्याला उगाच नाही लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेपासून तिथल्याच युनिव्हर्सिटीपर्यंतची लाइन, अंतर फक्त ४०० यार्ड, ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटवर आली होती, कारण सगळे कॉम्प्युटर हरवलेलं परत परत पाठवून पाठवून रस्ता स्वतःच भरून टाकत होते. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसननं त्यावर १९८८ मध्ये जो उपाय लिहिला तोच आजही प्रत्येक फोनमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. ४०० यार्ड वाचून मला जरा बरं वाटलं, माझे तर ९० मीटरच होते.

फक्त आमच्याकडं गर्दी नव्हती, वाहतूक तर एका कॉम्प्युटरची. पॅकेट खराब होऊन पडत होतं, आणि टीसीपी समजत होतं गर्दी आहे.

आता मोजायचं कसं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरात 'नेटस्टॅट -एस -पी टीसीपी' टाइप करा. खाली दोन आकडे दिसतात, सेगमेंट्स सेंट आणि सेगमेंट्स रिट्रान्समिटेड. हे कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनचे एकूण आकडे आहेत, म्हणून नुसता मोठा आकडा पाहून घाबरू नका, दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा लिहून घ्या आणि वजाबाकी करा. माझ्याकडं सकाळी ९ ला हजारात एखादा निघायचा, दुपारी १ ला शंभरात सात-आठ. सकाळचं आणि दुपारचं असं शेजारी शेजारी लिहिलं की मग वाद राहत नाही. एक भानगड लक्षात ठेवा, हे आकडे फक्त तुमच्या कॉम्प्युटरनं परत पाठवलेल्याचे, म्हणजे अपलोडच्या बाजूचे. डाउनलोडमध्ये गळत असेल तर परत पाठवते समोरचा सर्व्हर, त्याची नोंद त्याच्याकडं. तुमच्याकडं ते पाहायचं तर वायरशार्क (येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावावं लागते, त्यात फिल्टरच्या पट्टीत 'टीसीपी.ॲनालिसिस.रिट्रान्समिशन' टाकलं की काळ्या पट्ट्यांची रांग दिसते, आणि तुमचा कॉम्प्युटर तोच तो निरोप परत परत देऊन राहिला असेल तर 'ड्युप ॲक' म्हणून दिसते.

वायरशार्कचा एक मोठा फायदा वेगळाच झाला. जुलैत शेवटच्या तारखेच्या गर्दीत फॉर्म अडकत होते तेव्हा मला वाटलं तोच त्रास पावसाळ्यातही आला. पाहिलं तर रिट्रान्समिशन नाहीच. माझं पॅकेट गेलं, 'मिळालं' म्हणून लगेच निरोप आला, आणि मग २५ सेकंद शांतता, मग उत्तर. म्हणजे रस्ता चांगला, समोरचा सर्व्हर कामात बुडालेला. दोन्हीत स्क्रीनवर तेच गोल चाक फिरते, पण एकात तुम्ही केबल पाहायची आहे आणि दुसऱ्यात चहा प्यायचा आहे.

आणि पिंगनं का फसवलं तेही सांगतो. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइटचं असते, सगळं वेष्टन धरून तारेवर जाते तेव्हा ७५ बाइटच्या आसपास. अपलोडचं पॅकेट १५०० चं. तारेवर अधूनमधून एखादा बिट बिघडत असेल तर वीसपट लांब पॅकेटला तो लागायची पाळीही जवळपास वीसपट. म्हणून पिंग मोठं मारा: 'पिंग -एल १४०० -एन ३००' आणि पुढं राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१ किंवा तुमचा जो असेल तो. चार नाही, तीनशे. आणि आधी राउटरला, इंटरनेटवर नंतर. माझं दुपारी राउटरलाच गळत होतं! घरातल्या राउटरपर्यंतच पोचत नव्हतं आणि मी कंपनीशी भांडत होतो.

म्हणजे खरं तर या सगळ्याच्या आधी एक काम करायचं होतं जे मी दीड वर्ष केलं नाही. लॅपटॉप उचलायचा, घरात न्यायचा, दोन फुटाच्या वायरनं राउटरला जोडायचा आणि भर दुपारी तीच पीडीएफ त्याच साइटवर टाकायची. केलं, तर डोळे मिटायच्या आत गेली. झालं, इंटरनेट, कंपनी, साइट, विंडोज सगळे सुटले, राहिली ती ९० मीटरची केबल, तिचे दोन टोकं आणि कोठ्यातला स्विच. रस्ता अर्धा करा, अर्ध्याचा अर्धा करा, दुसरं काही शास्त्र नाही यात.

पक्कं करायला मग दोन्ही टोकांना एकेक लॅपटॉप लावून आयपर्फ३ (दोन कॉम्प्युटरमधली लाइन मोजायचा प्रोग्राम) चालवलं, स्विच मधून काढून. घरात 'आयपर्फ३ -एस', कोठ्यात 'आयपर्फ३ -सी' आणि घरच्या लॅपटॉपचा पत्ता, पुढं '-यू -बी २०एम -टी ६०'. यू म्हणजे यूडीपी, त्यात परत पाठवणं नसतेच, जे गळालं ते गळालं म्हणून उघडं पडते. शेवटी मोठा आर लावला की उलट्या दिशेनं मोजते. सकाळी शून्य, दुपारी दोन्हीकडून तीन-चार टक्के. 'नेटस्टॅट -ई' मध्ये एररचा आकडाही वाढत होता, म्हणजे पॅकेट येऊन राहिलं पण खराब होऊन, आणि खराब पॅकेट आलं की कार्ड त्याला कोणालाही न सांगता फेकून देते.

तर आता दुपारी काय होते जे सकाळी होत नाही, उन्हात होते ढगात नाही, पावसाळ्यात नाही, आणि डिसेंबरातही नाही? केबल पाहत पाहत चालत गेलो. वाडीच्या कुंपणाच्या खांबांना खिळे मारून ओढलेली केबल, आणि विहिरीजवळ त्याच खांबाला काकाच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरची पेटी, तिथून विहिरीकडं जाणारी मोटरची वायर माझ्या केबलला चांगली पंधरा-वीस मीटर बिलगून गेलेली, एकाच तारेनं बांधलेली. मीच बांधली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून.

आणि मग डिसेंबरचं कोडंही सुटलं, ते कोणत्याही इंजिनीअरला सुटलं नसतं. आंबिया बहराला झाडं ताणावर सोडतात, डिसेंबरपासून पाणी बंद, जानेवारी अर्धा गेला की हळूहळू पाणी सुरू. मोटर बंद तर नेट चालू! पावसाळ्यात मोटर बंद, ढगाळ दिवशी मोटर ओढतच नाही. राउटर बदलला आणि धन्यवाद दिले ते संत्र्याच्या ताणाला द्यायला पाहिजे होते.

पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. काका बांधावर होते, म्हटलं, "काका, १० मिनिटं मोटर बंद करता का?"

"काहून बे? झाडायले पाणी लागलं आता."

"नेटचं पाहायचं आहे."

"तुह्या नेटले माह्या मोटरीनं काय केलं?"

पण केली बंद. आयपर्फ प्रत्येक सेकंदाला एक ओळ देते, तीन टक्के, चार टक्के, साडेतीन, आणि मोटर बंद झाल्या झाल्या शून्य, शून्य, शून्य. चालू केली, मोटरनं वेग पकडला तसा आकडा परत वर. तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर काकाच म्हणाले, "आता चालू करतो, पाह्य बिघडते का तं."

हे का होते तर सोलरची पेटी साधा स्टार्टर नाही. पॅनलमधून येते ती डीसी, आणि मोटरला लागते थ्री फेज, म्हणून पेटी आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ती बनवते आणि ऊन कमीजास्त होईल तसा मोटरचा वेग बदलवते. त्या चालू-बंदच्या कडा फार तीक्ष्ण असतात आणि पेटीपासून मोटरपर्यंतची लांब उघडी वायर म्हणजे अँटेनाच. विजेवरची साधी मोटर सुरू होताना एक झटका देते आणि मग ५० हर्ट्झवर गुमान चालते, लॅन केबलला तेवढ्यानं काही होत नाही. म्हणून आधी वर्षानुवर्षं त्याच विहिरीवर विजेची मोटर होती तेव्हा त्रास नव्हता, आणि मार्चात सोलर बसलं तेव्हापासून लागला. ही तारीख मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, जोडली नाही एवढंच.

तरी नुसत्या सोलरवर ढकलणं बरोबर नाही. चांगली केबल एवढ्यानं हार मानत नाही. लॅनच्या आतल्या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात, बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखाच बसते आणि घेणारा दोघांतला फरक पाहते म्हणून तो आवाज कटते. माझी केबल एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं तुटली होती, तेव्हा भाच्यानं जोड मारला होता, आठही तारा पीळ सोडून, रंगाला रंग गुंडाळून, वरून काळी टेप, चांगलं वीतभर. आणि तो जोड पेटीपासून हातभर अंतरावर. शिवाय केबलही स्वस्तातली, ब्लेडनं तार खरवडली तर आत पांढरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, ही मुलाम्याची केबल त्या नियमात बसतच नाही, ९० मीटरवर ती आधीच धापा टाकत असेल.

आधी जोड कापून दोन्ही टोकांना नीट पिन लावून कपलर (दोन केबल जोडायचा तुकडा) टाकला, गळती तीन-चार टक्क्यांवरून एकच्या खाली आली. मग एक उसनी केबल कुंपणाच्या दुसऱ्या बाजूनं, मोटरच्या वायरीपासून दहा मीटर लांब, जमिनीवर टाकून पाहिली, शून्य. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण त्या बाजूनं बैलबंडी आणि ट्रॅक्टर जाते. शील्डवाली केबल घ्या असंही कोणी म्हटलं, ती चांगली आहे पण तिला अर्थिंग बरोबर लागते, आणि घर आणि कोठा दोघांचे अर्थिंग वेगळे, त्यातून नवीन भानगड उभी राहू शकते. म्हणून मी फायबरच टाकलं. दोन्ही टोकांना पिन लावून तयार मिळते ती १०० मीटरची ड्रॉप फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल उजेडात आणि उजेड परत सिग्नलमध्ये बदलणारे डबे). काचेतून उजेड जाते, त्याला मोटरचा आवाज ऐकूच येत नाही, आणि जूनमधल्या कडाडणाऱ्या विजांत केबलमधून झटका येऊन पोर्ट जळायचे (दोनदा जळले होते) तेही बंद. एक चूक सांगतो ती करू नका: एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर जोडीनं घ्यावे लागतात, एक ए आणि एक बी, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरा उलटा. मी दोन्ही ए आणले, दोघंही बोलून राहिले आणि ऐकणारा कोणीच नाही. दुकानदारानं बदलून दिला म्हणून ठीक.

ते १०० फुल डुप्लेक्सचं राहिलं. एका टोकाला पक्कं १०० फुल ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असलं की ऑटोवाल्याला समोरून काही उत्तर येत नाही, तो वेग ओळखते पण डुप्लेक्स हाफ धरून बसते. मग एक म्हणते मी कधीही बोलणार, दुसरा म्हणते एका वेळी एकच, आणि थोडंही काम पडलं की टक्कर. दोन्हीकडं ऑटोच राहू द्या. कोणी बदलवून गेलं असेल तर आधी तेच पाहा.

ज्यांच्याकडं सोलर नाही त्यांच्यासाठी बाकीचं भराभर. लॉगिन होते, छोटी पानं उघडतात, पण मोठं काही पाठवलं की रोज चोवीस तास अडकते, वेळेचा काही संबंध नाही, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त साइज, पाहा. युजरनेम-पासवर्डवाली पीपीपीओई लाइन असेल तर १५०० मधले ८ बाइट तिचेच जातात, उरतात १४९२, आणि मधल्या कोणत्या राउटरनं 'पॅकेट मोठं आहे' हा निरोपच अडवला तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहते. 'पिंग -एफ -एल १४६४' चाललं पाहिजे, १४७२ नाही चालणार, आणि १४६४ ही नाही चाललं तर आकडा कमी करत करत जिथं चालते तिथं त्यात वेष्टनाचे २८ मिळवा आणि तो एमटीयू राउटरमध्ये टाका.

संध्याकाळी सातनंतर बिघडत असेल तर बहुतेक गर्दी, कधी कंपनीकडची, कधी घरचीच. आमच्याकडं एकाचे चार कॅमेरे क्लाउडवर चढत होते, अपलोड सगळी तेच खात होते, त्याला केबल बदलून काय होणार? वायफायवर बसून मोजत असाल तर आधी वायर लावा, वायफाय स्वतःच हवेत परत परत पाठवते आणि तुम्हाला दाखवत नाही, त्यामुळं मोजणीत सगळी खिचडी होते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवर राहायचंच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११, मधले नको. दोन गावांमध्ये डिश लावून नेट आणलं असेल तर मधलं झाड पाहा, पानगळीत लिंक लागली आणि पालवी फुटली की गळायला लागली असं होते, समोरचा खांब नुसता डोळ्याला दिसणं पुरत नाही, रेषेच्या आजूबाजूलाही मोकळी जागा लागते. आणि घरातल्या फायबरच्या डब्यात रिसिव्ह पॉवर दिसत असेल तर तो उणे २७ डीबीएमच्या जवळ पोचला की समजा काठावर आहे, कुठं तरी फायबर दाराच्या फटीत दबलं किंवा खिळ्याभोवती वळलं असेल. हे मात्र कंपनीच्या माणसाचं काम, त्याला तो आकडा दाखवा, 'स्लो आहे' म्हणू नका, आकडा पाहून तो वेगळा वागते.

फायबर टाकून तीन महिने झाले, त्यात अख्खा मार्च गेला. काल दुपारी २ ला मोटर पूर्ण जोरात असताना मोजलं, दहा हजारात तीन. तेवढं सगळीकडं असते. जुनी केबल काकांनी नेली, फळांनी लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेके लावतात ते बांधायला. परवा म्हणाले, "हे कायची केबल आणली होती बे, दोनदा वाकवली का तुटते."